हिरव्या रेषेचा साक्षीदार : कावसजी नायगामवाला

२०२५ च्या अखेरीस पुण्यातून एक मोठी खगोलवार्ता आली. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर या संशोधकांना जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या छायाचित्रांत एक अतिदूरची सर्पिल दीर्घिका सापडली. विश्वाचे वय जेमतेम दीड अब्ज वर्षे होते, तेव्हा तिथून निघालेला प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत पोहोचला. विश्वाच्या इतक्या लहान वयात दोन रेखीव भुजांची, नीट घडलेली दीर्घिका असेल अशी अपेक्षा नव्हती. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात आणि हिमालयातली मंदाकिनीची बहीण अलकनंदा, म्हणून या दीर्घिकेचे नाव ‘अलकनंदा’ ठेवले गेले.

इतक्या दूरच्या अंधुक ठिपक्याचे अंतर, वस्तुमान आणि वय कळते तरी कसे? त्याच्या प्रकाशातून. प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यातून दूरच्या वस्तूचा कुंडली-दाखला वाचायची विद्या पुण्यात १३० हून अधिक वर्षांपूर्वी एका मुंबईकर पारशी प्राध्यापकाने रुजवली. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगामवाला. भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव मानाने घेतले जाते, पण त्यांची वेधशाळा त्यांच्या निवृत्तीबरोबरच बंद झाली, ही त्या इतिहासातली सल आहे.

कावसजींचा जन्म १८५७ चा, मुंबईचा. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७८ मध्ये ते भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन एम.ए. झाले आणि सुवर्णपदकही मिळाले. पुढे त्याच कॉलेजात ते प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्या काळी या दोन विषयांना जोडणारे सर्वांत ताजे साधन म्हणजे वर्णपटदर्शक, अर्थात प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारे यंत्र. तरुण प्राध्यापकाला त्याचा ध्यास लागला.

हे यंत्र काय करते, ते रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या उदाहरणाने चटकन समजते. सरकारी रुग्णालयांत बरीच वर्षे फ्लेम फोटोमीटर वापरात होता. रुग्णाच्या रक्तातले सीरम पातळ करून ज्योतीत फवारायचे. सोडियम असेल तर ज्योत पिवळी उजळते, पोटॅशियम असेल तर फिकट जांभळी. त्या उजेडाचा जोर मोजून रक्तातले क्षाराचे प्रमाण काढायचे. प्रत्येक मूलद्रव्य तापले की ठरावीक रंगांचाच प्रकाश देते. वर्णपटात हे रंग बारीक रेषांसारखे दिसतात आणि बोटांच्या ठशांसारखे त्या त्या मूलद्रव्याचेच असतात. ज्योत पुढ्यात असो की हजारो प्रकाशवर्षे दूर असो, रेषा तीच. ताऱ्याचा नमुना हाती न घेता त्याची तपासणी करता येते, ती यामुळे.

अशी तपासणी भारतात व्हावी, तर पैसा हवा होता. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यासाठी ५००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. उपकरणे आणायला नायगामवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. निघताना मनात होती ती कॉलेजातली वर्णपटाची प्रयोगशाळा. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांशी बोलल्यावर योजना मोठी झाली आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारायचे ठरले. मुंबईच्या दमट, धुरकट हवेपेक्षा पुण्याचे आकाश या कामाला बरे, म्हणून १८८५ मध्ये ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. मुळा-मुठेच्या संगमाजवळचे हे कॉलेज म्हणजे पुढचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, सर्वांच्या तोंडी असलेले सीओईपी.

तिथे १८८८ मध्ये वेधशाळा तयार झाली. देणगीदाराच्या नावाने ती महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा म्हणून ओळखली गेली. तिची मोठी दुर्बीण डब्लिनच्या ग्रब या नामांकित कारखान्याची होती. २० इंची, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची ही दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. दिवसा अध्यापन आणि रात्री निरीक्षण असा नायगामवालांचा क्रम कित्येक वर्षे होता. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते फेलो होते.

त्या काळात खगोलशास्त्रापुढे एक मोठे कोडे होते : आकाशात धुक्याच्या डागांसारखे दिसणारे तेजोमेघ आहेत तरी काय? १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची आरशाच्या प्रचंड दुर्बिणीतून अशाच एका डागाला भोवऱ्यासारख्या भुजा असल्याचे पाहिले आणि कागदावर चितारले. सर्पिल रूप माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडले ते तेव्हा. पण ही सर्पिले जवळचे वायूचे भोवरे आहेत, की फार दूर असलेले ताऱ्यांचे थवे, हे नुसते पाहून ठरत नव्हते.

१८६४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हगिन्स यांनी तेजोमेघांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून नेला आणि तेजोमेघांचे दोन गट पडले. काहींच्या वर्णपटात मोजक्याच चमकत्या रेषा होत्या. तो विरळ, तापलेला वायू होता. देवयानी तारकासमूहातल्या मोठ्या डागाने मात्र ताऱ्यांसारखा सलग रंगपट्टा दाखवला. १८९९ मध्ये जर्मनीत शायनर यांनी त्या पट्ट्यात सूर्याच्या वर्णपटासारख्या काळ्या रेषाही टिपल्या. देवयानीचा डाग म्हणजे ताऱ्यांचीच वसाहत असावी, याचा तो भक्कम इशारा होता.

पहिल्या गटातला सर्वांत प्रसिद्ध तेजोमेघ मृग नक्षत्रातला. त्याच्या प्रकाशात सर्वांत ठळक एक हिरवी रेषा दिसते. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाशी ती जुळत नव्हती. काहींनी तर तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचे मूलद्रव्यच कल्पून टाकले. सर नॉर्मन लॉकियर यांचे मत वेगळे होते. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ही रेषा त्या उल्कांतल्या मॅग्नेशियमची, असा त्यांचा सिद्धांत होता. लॉकियर हे साधे नाव नव्हते. सूर्याच्या प्रकाशातल्या हेलियमचा शोध त्यांच्या नावावर होता, ‘नेचर’ हे नियतकालिक त्यांनी सुरू केलेले आणि भारतातल्या सूर्यनिरीक्षणाच्या बाबतीत लंडनमध्ये त्यांच्या शब्दाला वजन होते.

या वादाची परीक्षा सोपी होती, पण नजर तयार हवी होती. मॅग्नेशियम जळताना हिरव्या भागात जो पट्टा दिसतो, त्याची एक कड धारदार असते आणि दुसरीकडे तो हळूहळू विरत जातो. मृगातली रेषा मॅग्नेशियमची असेल, तर तीही एका बाजूने विरघळल्यासारखी दिसली पाहिजे. नायगामवालांनी पुण्यातून मृगाचा तेजोमेघ पुन्हा पुन्हा पाहिला आणि रंग अधिकाधिक फाकवून रेषा तपासली. ती प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी धारदारच दिसली. १८९१ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. हगिन्स आणि अमेरिकेतले कीलर यांचे निष्कर्षही लॉकियर यांच्या विरोधातच जात होते. त्यांना पुण्याची स्वतंत्र साक्ष मिळाली.

वसाहतीच्या काळात सरकारी कॉलेजातल्या एका भारतीय प्राध्यापकाने साम्राज्यातल्या बड्या शास्त्रज्ञाच्या लाडक्या सिद्धांताला न जुळणारे निरीक्षण छापून टाकावे, ही लहान गोष्ट नव्हती. त्यांनी वाद घातला नाही, जे दिसले ते लिहिले. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा अहवाल मोठ्या डॉक्टरांच्या निदानाशी जुळला नाही, तरी तो बदलायचा नसतो. रुग्णाचे भले त्यातच असते. विज्ञानाचेही तसेच आहे.

त्या हिरव्या रेषेचे कोडे पुढे १९२७ मध्ये अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी सोडवले. ती रेषा ऑक्सिजनची निघाली. आपण श्वासात घेतो तोच ऑक्सिजन, पण दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. असा अणू ती रेषा सोडण्याआधी बराच वेळ निवांत राहावा लागतो, आणि आपल्या हवेत अणूंच्या धडका क्षणोक्षणी बसत असल्याने तशी निवांती मिळत नाही. तेजोमेघातला वायू प्रयोगशाळेतल्या उत्तम निर्वातापेक्षाही विरळ असल्याने तिथे ती मिळते. म्हणून पृथ्वीवर ती रेषा कुणाला सापडत नव्हती. नायगामवाला तेव्हा सत्तरीत होते.

१८९८ च्या २२ जानेवारीला खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून महाराष्ट्रावर आली. लॉकियर स्वतः विजयदुर्गला आले. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याच मोहिमेची आठवण सांगतात. हेलियम विजयदुर्गावर सापडला असे अनेकदा सांगितले जाते, पण त्या शोधाचे वर्ष १८६८, आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्ये होते. नायगामवालांनी आपला तळ सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला टाकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच होती.

दिवस प्लेगचे होते. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली साथ पुण्यात येऊन हाहाकार माजवून गेली होती. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी चाले आणि गावे ओस पडत होती. अशा काळात यंत्रे, काचेच्या छायाचित्रपट्ट्या आणि माणसे घेऊन माळरानावर तंबू ठोकायचा, तोही साधारण दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी. सूर्य पूर्ण झाकला जातो त्या क्षणी त्याच्या कडेच्या पातळ थराचा वर्णपट एक-दोन सेकंद चमकून जातो. तो आणि सूर्याभोवतीचा किरीट या तुकडीने टिपला. त्याचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी तुकड्यांच्या गर्दीत भारतीय माणसाच्या नेतृत्वाखालची ही मोहीम उठून दिसली.

दरम्यान दक्षिणेत कोडाईकनालला सरकारची सूर्यवेधशाळा उभी राहिली होती. देशातले सूर्याचे काम एकाच ठिकाणी असावे, असा सरकारी विचार होता. पुण्यात नायगामवाला १९०० पासून पूर्णवेळ वेधशाळेचे संचालक होते, पण त्यांच्यामागून ते काम पुढे नेणारे कुणी नेमले गेले नाही. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा वेधशाळाच बंद करण्यात आली आणि दुर्बिणीसह सगळी उपकरणे कोडाईकनालला गेली.

याच १९१२ मध्ये जगात काय चालले होते, ते पाहिले म्हणजे या घटनेचे वजन कळते. अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी सप्टेंबरमध्ये देवयानीच्या सर्पिलाचा वर्णपट टिपला आणि तो डाग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्याचे दाखवले. इतका वेग आकाशातल्या कुठल्याच वस्तूचा तोवर मोजला गेला नव्हता. त्यांची दुर्बीण होती २४ इंची, पुण्याच्या दुर्बिणीपेक्षा फार मोठी नव्हे. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये हेन्रिएटा लेविट यांनी ठरावीक काळाने तेज बदलणाऱ्या सेफीड ताऱ्यांचा नियम प्रसिद्ध केला, आणि अंतर मोजायची पट्टी हाती आली. तीच पट्टी लावून एडविन हबल यांनी १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये देवयानीतला सेफीड तारा ओळखला. १९२५ च्या पहिल्या दिवशी जाहीर झाले की सर्पिल तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहेत. त्या स्वतंत्र दीर्घिका आहेत. देवयानीचे आज मानले जाणारे अंतर २५ लाख प्रकाशवर्षे आहे.

पुण्यातली वेधशाळा चालू राहिली असती तर हे शोध इथे लागले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल. स्लायफर यांच्यापाशी वर्णपट टिपणारा खास जलद कॅमेरा होता आणि एकेका पट्टीवर रात्रीमागून रात्री प्रकाश साठवत बसण्याची मुभा होती. पण आरसा होता, वर्णपटाची विद्या होती, जगाच्या वादात साक्ष देण्याइतकी पत होती. नव्हता तो वारसदार. कोणत्याही सरकारी रुग्णालयात एखादे महागडे यंत्र कापडाखाली झाकलेले दिसते. यंत्र नादुरुस्त नसते, ते चालवणारा निवृत्त झालेला असतो आणि त्याच्या हाताखाली कुणी शिकलेले नसते. पुण्याच्या दुर्बिणीचे तसेच झाले. कोडाईकनालचे काम सूर्याचे, त्यामुळे तारे पाहणाऱ्या या दुर्बिणीला तिथे बराच काळ फारसे काम मिळाले नाही. पुढे ती ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून पुन्हा वापरात आली आणि १९८० च्या दशकात लडाखमध्ये लेहला नेली गेली. वेधशाळेसाठी तिथले आकाश कसे आहे, याची पारख तिने केली. आज लडाखमध्येच हान्ले येथे दोन मीटर व्यासाची भारतीय दुर्बीण आहे. नायगामवाला १९३८ मध्ये वारले. सर्पिलांचे कोडे सुटलेले त्यांच्या हयातीतच होते.

आता पुन्हा अलकनंदेकडे. तिचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे, आपल्या आकाशगंगेच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तिच्यातल्या ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे १० अब्ज पट आहे. वर्षाला जवळपास ६० सूर्यांइतके नवे तारे तिथे घडत होते, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या आजच्या वेगाच्या वीस ते तीस पट. तिच्या वाटेत ‘एबेल २७४४’ हा दीर्घिकांचा प्रचंड समूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकून भिंगातून पाहावे तसे झाले आणि ती जवळपास दुप्पट तेजस्वी दिसली. जेम्स वेबने तिला २१ वेगवेगळ्या रंगगाळण्यांमधून टिपले आहे. २१ रंगांतले हे तेज म्हणजे एक ढोबळ वर्णपटच. त्यावरूनच तिचे अंतर आणि वस्तुमान काढले गेले.

सर्पिल भुजा म्हणजे ताऱ्यांची पक्की साखळी नव्हे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी टोलनाक्याजवळ गर्दी नेहमीची असते. आतल्या गाड्या सतत बदलत राहतात, गर्दी मात्र तिथेच दिसते. भुजांबद्दलची एक महत्त्वाची कल्पना अशीच आहे. तारे आणि वायू भुजेत शिरतात, मंदावतात, दाटतात आणि पुढे निघून जातात. दाटलेल्या वायूत नवे तारे जन्मतात, म्हणून भुजा उजळ दिसते. अलकनंदेच्या भुजांवर माळेतल्या मण्यांसारखे तेजाचे ठिपके आहेत. ती ताऱ्यांची जन्मस्थाने. मृगातला तेजोमेघ हाही आपल्या आकाशगंगेच्या भुजेतला असाच एक लहानसा मणी आहे, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरचा. नायगामवाला ज्या हिरव्या रेषेकडे टक लावून बसत, ती अशा मण्यांची खूण आहे. अलकनंदेइतक्या अंतरावरून तीच रेषा निघाली, तर विश्वाच्या प्रसरणामुळे तिची तरंगलांबी पाचपट ताणली जाते आणि ती अवरक्त प्रकाशात पोहोचते. जेम्स वेब पाहते ते याच अवरक्त प्रकाशात.

अलकनंदेच्या भुजा इतक्या लवकर कशा घडल्या, तिची तबकडी शांतपणे फिरते आहे की आत खळबळ आहे, हे अजून ठरायचे आहे. त्यासाठी तिचा बारीक वर्णपट घ्यावा लागेल, म्हणजे नायगामवालांचेच काम पुढे न्यावे लागेल. त्यांना दुर्बीण डब्लिनहून आणावी लागली होती. आज दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर आहे आणि तिची निरीक्षणे पुण्यात बसून अभ्यासता येतात. एका विद्यार्थिनीने आणि तिच्या मार्गदर्शकाने मिळून हा शोध लावला, ही त्यातली सर्वांत आश्वासक गोष्ट. संगमाजवळच्या त्या वेधशाळेला अशी गुरू-शिष्याची जोडी लाभली नव्हती.

थंडी सरताना, फाल्गुनाच्या संध्याकाळी, घिवली-तारापूरच्या किनाऱ्यावरून मृग नक्षत्र नैऋत्येकडे समुद्रावर कललेले दिसते. त्यातल्या तीन ओळीने असलेल्या ताऱ्यांच्या खाली, दिव्यांच्या झगमगाटापासून जरा दूर जाऊन साध्या द्विनेत्रीने पाहिले, तर एक धुरकट डाग सापडतो. मुलांना तो जरूर दाखवावा, आणि पुण्यातल्या एका प्राध्यापकाने त्याच्या प्रकाशात काय वाचले होते तेही सांगावे.